आरपीएमचा काटा का नाचतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त मास्तरांकडे १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. दर रविवारी सकाळी ती धुवायची, पुसायची आणि यवतमाळच्या दत्त चौकापर्यंत एक फेरी मारून आणायची, हा त्यांचा नेम. एका हिवाळ्यात गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली, म्हणून त्यांनी डिस्ट्रिब्युटरमधले जुने सीबी पॉइंट काढले आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवून घेतला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू होऊ लागली. मास्तर खूश झाले. पण त्याच दिवसापासून डॅशबोर्डखाली बसवलेल्या आरपीएम मीटरचा काटा वेड्यासारखा वागू लागला. इंजिन संथ चाललेले आणि काटा मात्र क्षणात आठशेवर, क्षणात तीन हजारांवर. मिस्त्रीने काचेवर टिचकी मारली आणि निकाल दिला, "मीटर गेलं ना जी मास्तर. नवं टाका."

मास्तरांनी नवे मीटर आणले. तेही नाचू लागले, आणि वर निम्मेच आकडे दाखवू लागले. एवढ्यावर भागले असते तर ही गोष्ट सांगण्याचे कारण नव्हते. पण उन्हाळ्यात एकदा वर्ध्याहून परत येताना कळंब ओलांडल्यावर मास्तरांची गाडी भर रस्त्यात बंद पडली. पेट्रोल होते, बॅटरी होती, स्टार्टर फिरत होता, पण प्लगला ठिणगीच नव्हती. बरोबर बायको आणि दोन नातवंडे, आणि संध्याकाळचे साडेसात वाजलेले. गाडी बंद पाडणारा दोष आणि काटा नाचवणारा दोष एकाच तारेत होता. ती तार समजून घ्यायची तर आधी हे मीटर मोजते काय ते पाहावे लागेल.

आरपीएम म्हणजे इंजिनाचे एका मिनिटातले फेरे. हे मोजणाऱ्या मीटरला टॅकोमीटर म्हणतात. फार जुन्या काही गाड्यांत स्पीडोमीटरसारखीच फिरती केबल थेट इंजिनापासून टॅकोमीटरपर्यंत येत असे. पुढे विजेवर चालणारी मीटर आली आणि इंजिनाशी असलेला हा सरळ संबंध तुटला. विजेवरचे मीटर इंजिनाचे फेरे मोजतच नाही. ते ठिणग्या मोजते. चार सिलिंडरच्या, चार स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांतून एकदा ठिणगी लागते. म्हणजे एका फेऱ्याला दोन ठिणग्या. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे सत्तावीस ठिणग्या आणि तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला बरोबर शंभर.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर एक कारकून वही घेऊन बसतो. आत जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे वहीत एक रेघ. गाडीत दहा क्विंटल आहे की पंधरा, याच्याशी त्याला घेणे नाही. टॅकोमीटरच्या आतले सर्किट हा असा कारकून आहे. विजेचा एक धक्का आला की एक रेघ, दुसरा आला की दुसरी. काटा दाखवतो तो रेघा किती भराभर पडताहेत एवढेच. आता फाटकावर धूळ उडाली आणि एक गाडी दोनदा मोजली गेली, किंवा गाडी इतकी गुपचूप गेली की कारकुनाला दिसलीच नाही, तर हिशेब चुकेल. दोष मात्र वहीचा नसेल.

हा धक्का येतो कुठून? सीबी पॉइंटच्या गाडीत बॅटरीची वीज इग्निशन कॉइलच्या आतल्या जाड तारेच्या वेढ्यातून जाते आणि पॉइंट मिटलेले असताना बॉडीला मिळते. डिस्ट्रिब्युटरचा कॅम फिरला की पॉइंट उघडतात आणि प्रवाह एकदम तुटतो. त्या क्षणी कॉइलच्या पातळ वेढ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होतात आणि प्लगला ठिणगी पडते. त्याच क्षणी जाड वेढ्याच्या टोकाशी, म्हणजे कॉइलच्या निगेटिव्ह खुंटीवरही, दोन-तीनशे व्होल्टचा झटका उसळतो. टॅकोमीटरची तार याच खुंटीवर जोडलेली असते. कारकून जो मोजतो तो हा झटका.

पद्मिनीबद्दल दोन शब्द इथेच सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ही गाडी बनवली. १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे, कार्बोरेटरचे, अगदी साधे इंजिन. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला, पण विदर्भात आजही एखाद्या वाड्याच्या देवडीत, गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली पद्मिनी उभी दिसते. साध्या पद्मिनीला कारखान्यातून टॅकोमीटर येत नसे. हौशी लोक वेगळे गोल मीटर आणून बसवत. बसवणारा वेगळा, पुढे इग्निशन बदलणारा वेगळा, आणि दोघांनी एकमेकांचे काम कधी पाहिलेले नाही. निम्मे घोटाळे इथेच जन्मतात.

आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन. आपल्याकडे मोटारसायकलींमुळे सीडीआय हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला आहे आणि कोणत्याही काळ्या डबीला मिस्त्री सीडीआय म्हणतात. प्रत्यक्षात या डब्या वेगवेगळ्या असतात आणि टॅकोमीटरच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. सर्वांत साध्या संचात पॉइंटच्या जागी चुंबकाने चालणारा छोटा सेन्सर बसतो. प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम पॉइंटऐवजी ट्रान्झिस्टर करतो, पण कॉइलच्या निगेटिव्ह खुंटीवरचा झटका जवळजवळ पूर्वीसारखाच राहतो. त्यामुळे जुने टॅकोमीटर बहुधा चालते. मास्तरांच्या गाडीत असाच संच होता. खरी सीडीआय वेगळी. तिच्यात कंडेन्सर तीन-चारशे व्होल्टपर्यंत भरून तो एकदम कॉइलमध्ये रिकामा केला जातो. तिथे टॅकोमीटरची तार कॉइलच्या खुंटीवर ठेवली तर मीटर चुकीचे आकडे दाखवते, कधी जळतेही. अशा डबीला टॅकोमीटरसाठी स्वतंत्र तार दिलेली असते, तिथेच मीटर जोडावे लागते. काही डब्या कमी वेगात एकेका वेळी तीन-चार ठिणग्या पाडतात. त्या गाडीचा काटा आयडलिंगला उंच उडतो आणि रेस दिली की शहाणा होतो. हे लक्षण दिसले की मीटर उघडण्याच्या फंदात पडू नये, तार डबीच्या टॅकोमीटरच्या टोकाला न्यावी.

उलटाही प्रकार होतो. डबीच्या स्वतंत्र तारेवर बारा व्होल्टचा सौम्य धक्का मिळतो आणि जुन्या मीटरला सवय दोन-तीनशे व्होल्टच्या झटक्याची. कारकुनाला गाडी दिसतच नाही, काटा शून्यावर बसून राहतो. यासाठी मध्ये बसवायचा छोटा अडॅप्टर मिळतो. १९६०च्या दशकातल्या एमजी, ट्रायम्फ अशा ब्रिटिश गाड्यांतली काही स्मिथ्सची मीटरे तर कॉइलकडे जाणारा प्रवाहच मोजतात. त्यांच्या पाठीवर तारेचा एक वेढा दिसतो आणि कॉइलचा सगळा पुरवठा त्यातून जातो. अशा गाडीत इलेक्ट्रॉनिक डबीची लाल तार वेढ्याच्या अलीकडे, किल्लीच्या बाजूला जोडायची असते. पलीकडे जोडली तर डबीने खाल्लेली वीजही मीटर मोजत बसते. यवतमाळात अशा गाड्या किती, असे कोणी विचारील. पण एखादी निघाली आणि तिचे मीटर भंगारात गेले, तर दुसरे मिळणे कठीण.

तर मीटर बिघडले असे वाटले की सुरुवात मीटरपासून करू नका. सुरुवात अर्थिंगपासून करा. मी पाहिलेल्या दहा तक्रारींतल्या चार-पाच तरी इथेच मिटतात. डॅशबोर्डचा स्क्रू रंगावर आवळलेला असतो, त्याखाली गंज असतो, आणि आपण समजतो की अर्थ मिळाला. मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक मीटरच्या अर्थ खुंटीवर, काळे टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. इंजिन चालू, हेडलाइट चालू, वायपर चालू. आकडा शून्याच्या जवळ, फार तर ०.२ व्होल्ट यायला हवा. अर्धा किंवा एक व्होल्ट आला तर अर्थ कच्चा आहे. दिवे लावले की काटा हलतो, हॉर्न वाजवला की उडी मारतो, ही कच्च्या अर्थची ठळक खूण. कानस मारून पत्रा चकचकीत करा किंवा सरळ इंजिनाच्या ब्लॉकपासून वेगळी तार आणा.

मग पुरवठा. किल्ली ऑन केल्यावर मीटरच्या पुरवठ्याच्या खुंटीवर बॅटरीएवढे व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. पंधराच्या वर गेले तर दोष रेग्युलेटरचा, त्याकडे आधी पाहा. काही गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असतो आणि त्याच्या पुढच्या बाजूला सात-आठ व्होल्टच उरतात. जवळ सापडली म्हणून त्या तारेवरून मीटरला किंवा डबीला वीज घेतली की दोघेही अर्धपोटी राहतात.

अर्थ ठीक, पुरवठा ठीक, तरी काटा मेलेला. मग धक्का मीटरपर्यंत पोचतो का ते पाहायचे. इथे स्वस्तातल्या मल्टिमीटरची घाई करू नका. त्या खुंटीवर दोन-तीनशे व्होल्टचा झटका असतो, मीटर तपासता तपासता मल्टिमीटर जायचा. ज्याच्यावर फ्रिक्वेन्सीची सोय आणि पुरेशी व्होल्टेज क्षमता आहे असे साधन वापरावे. चार सिलिंडरच्या गाडीत जो हर्ट्झचा आकडा येईल त्याला तीसने गुणले की आरपीएम. शंभर हर्ट्झ म्हणजे तीन हजार. हाच आकडा कॉइलपाशी घ्या आणि मग मीटरच्या पाठीमागे घ्या. कॉइलपाशी आहे, मीटरपाशी नाही, याचा अर्थ मधली तार तुटली. आपल्याकडे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर काय करतात ते सांगायला नको.

असे साधन नसेल तर घरातला जुना ट्रान्झिस्टर आणा. मीडियम वेव्हवर लावा, दोन केंद्रांच्या मधली मोकळी जागा शोधा आणि चालू इंजिनाजवळ हात-दीड हातावर धरा. टरटर असा आवाज येईल. रेस दिली की टरटरीचा सूर चढेल. प्रत्येक ठिणगी लहानसे प्रक्षेपण केंद्रच असते. एफएमवर हे नीट ऐकू येणार नाही, मीडियम वेव्हच हवी. आवाज एकसारखा चढतोय आणि काटा मात्र नाचतोय, तर ठिणग्या बरोबर पडताहेत, मोजणीत गोंधळ आहे. आवाजच मधूनमधून तुटतोय तर इंजिन मिसिंग करते आहे आणि काटा बिचारा खरे सांगतो आहे. असा खरे बोलणारा काटा बदलून नवा आणलेले लोक मी पाहिले आहेत. दोष वितरकाच्या टोपीत, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये होता.

मास्तरांच्या ट्रान्झिस्टरवर सूर एकसारखा चढला. पण टरटर इतकी जोरदार होती की गाडीपासून दहा-बारा पावलांवरही ऐकू येत होती. बोनेट उघडल्यावर कारण दिसले. नवा संच बसवताना मिस्त्रीने प्लगच्या तारा बदलून साध्या तांब्याच्या, विनारोधाच्या तारा घातल्या होत्या. शिवाय काम नीटनेटके दिसावे म्हणून टॅकोमीटरची बारीक तार प्लगच्या तारांच्याच जुडग्यात पट्टीने घट्ट बांधून टाकली होती. प्लगच्या तारेतून हजारो व्होल्टचा कल्लोळ जातो. शेजारी बिलगलेल्या बारीक तारेत त्याचे प्रतिध्वनी उमटतात आणि कारकून प्रत्येक प्रतिध्वनीची रेघ मारतो. पॉइंटच्या काळात टॅकोमीटरची तार वेगळ्या वाटेने येत होती म्हणून हे कधी घडले नाही. इलेक्ट्रॉनिक डबीला तर स्वतःसाठीही सप्रेसरच्या, रोध असलेल्या तारा लागतात, नाहीतर सेन्सर बिचकतो. जुना कंडेन्सरही कॉइलला तसाच लटकलेला होता. संचाच्या सूचनांत तो काढायला सांगितलेला असेल तर काढलाच पाहिजे.

नव्या मीटरच्या निम्म्या आकड्यांचे उत्तर मीटरच्या पाठीवरच होते. तिथे ४, ६, ८ असे सिलिंडरचे आकडे लिहिलेला छोटा स्विच असतो. तो आठवर होता. आठ सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला चार ठिणग्या पडतात, त्यामुळे मीटर तेवढ्याच्या हिशेबाने भागत होते. सहावर असता तर तीन हजारांच्या जागी दोन हजार दिसले असते. आकडे कायम ठरावीक पटीत चुकत असतील तर आधी हा स्विच पाहावा.

आता कळंबच्या रस्त्यावरची गोष्ट. बोनेटखालून डॅशबोर्डकडे तारा जातात त्या पत्र्यातल्या भोकातून. भोकाला रबरी बुश असतो. चाळीस वर्षांत विदर्भाच्या उन्हाने त्याचा दगड होतो आणि तुकडे गळून पडतात. तार ओढून नव्या वाटेने नेताना ती उघड्या पत्र्याच्या धारेवर आली होती. गाडीच्या थरथरीने धारेने इन्सुलेशन कापत नेले आणि त्या संध्याकाळी आतले तांबे पत्र्याला टेकले. टॅकोमीटरची तार बॉडीला टेकणे म्हणजे कॉइलचे निगेटिव्ह टोक कायमचे अर्थ होणे, जणू पॉइंट मिटले ते मिटलेच. प्रवाह तुटत नाही, म्हणून ठिणगी पडत नाही. शिवाय किल्ली ऑन ठेवून विचार करत बसले तर कॉइल सतत वीज खात तापत राहते आणि जळू शकते. म्हणून गाडी अशी बंद पडली की पहिले काम किल्ली बंद करण्याचे. मग कॉइलच्या निगेटिव्ह खुंटीवर पाहायचे. तिथे इग्निशनच्या डबीची तार असते ती राहू द्यायची आणि टॅकोमीटरकडे जाणारी तार तेवढी काढून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची. दोष या तारेत असेल तर गाडी लगेच सुरू होते. मास्तरांना हे ठाऊक नव्हते. त्या रात्री गाडी मालवाहू जीपला दोर बांधून यवतमाळला आली. इंजिन चालू असताना मात्र या खुंटीला किंवा प्लगच्या तारांना हात लावू नका. सीडीआयच्या गाडीत तर मुळीच नाही, तो झटका जीवघेणा ठरू शकतो.

एवढे सगळे पाहून झाल्यावर, आणि तेव्हाच, मीटर उघडायचे. आत बहुधा फार काही नसते. छोटे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आमच्याकडच्या मे महिन्यात, बंद गाडीच्या डॅशबोर्डमागे, वर्षानुवर्षे भाजून सुकलेले असतात. एखादा डाक सुटलेला असतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे काम तासाभरात करतो. दुरुस्तीनंतर ताळा घ्यायला जुने कारागीर घरच्या विजेचा उपयोग करत. ट्रान्सफॉर्मरने वीज बारा व्होल्टवर आणून एका डायोडमधून दिली की सेकंदाला पन्नास धक्के मिळतात, आणि चार सिलिंडरच्या मीटरने १५०० दाखवायला हवेत. काही मीटरांना बारा व्होल्टचा धक्का पुरत नाही, हे लक्षात ठेवायचे. शिवाय भारनियमनाच्या काळात विजेची फ्रिक्वेन्सी ४८ पर्यंत घसरे, तेव्हा याच कसोटीवर बरोबर मीटर १४४० दाखवी आणि कारागीर उगाच त्याचा स्क्रू पिळत बसे.

मास्तरांचे जुने मीटर उघडावेच लागले नाही. टॅकोमीटरची तार दुसऱ्या बाजूने आणली, भोकात नवा बुश घातला, प्लगच्या तारा रोधाच्या बसवल्या, कंडेन्सर काढला. काटा आठशेवर येऊन थांबला. नवे मीटर खोक्यासकट कपाटात आहे, दुकानदार ते परत घ्यायला तयार नाही. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर मात्र मी मास्तरांना फेकू दिले नाहीत. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ते डिकीत ठेवले आहेत. डबी कधी वाटेत गेलीच, तर पाण्याची बाटली, पाना आणि विजेरी घेऊन अर्ध्या तासात गाडी पुन्हा पॉइंटवर चालू करता येते.